लेकरांना घेऊन डोंगरावर: ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या चालण्याचं गणित

पाऊस ओसरला की मोबाईलवर डोंगरांचे फोटो सुरू होतात. हिरवे कडे, पिवळी फुलं, किल्ल्याच्या दरवाजात उभं असलेलं हसरं कुटुंब. मग घरात विषय निघतो, "या रविवारी आपणही जाऊया का?" मुलं उड्या मारतात, अब्बू गाडीचं बघतात, अम्मीच्या डोक्यात डब्याचा विचार सुरू होतो. किती चालायचं आहे, किती चढायचं आहे आणि आपल्या पाच वर्षांच्या मुलीला ते झेपणार का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

आम्हीही विचारलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये कर्जतच्या बाजूच्या एका किल्ल्यावर गेलो. ओळखीतल्या एका ग्रुपवर मेसेज होता, "छोटा ट्रेक, फॅमिलीसाठी, दीड तास." दीड तास कुणाचा, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. पायथ्याशी पोहोचायलाच साडेदहा वाजले. माणसं पाच आणि पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या दोन. वर हॉटेल असेल असं कुणीतरी म्हणालं होतं. पहिला तासभर माझी मुलगी सारखी कुरकुरत होती. मग ती गप्प झाली. मला वाटलं, चला, रमली एकदाची. साडेबाराच्या सुमारास खिंडीत बसलो तेव्हा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, ओठ सुकलेले, आणि हाक मारली तर नुसती बघत होती. सकाळपासून तिने एकदाही सूसूला नेण्यासाठी सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

वाडीतल्या एक ठाकर आजी लाकडं घेऊन चालल्या होत्या. त्यांनी आम्हाला झाडाखाली बसवलं, घरून पाण्याची कळशी आणवली, माझीच ओढणी भिजवून मुलीच्या मानेवर, काखेत ठेवायला लावली आणि घोट घोट पाणी पाजलं. तासाभराने मुलगी बोलायला लागली. तीन वाजता ढग गडगडायला लागले आणि उरलेली वाट आम्ही पावसात, घसरत उतरलो. किल्ला आजही बघितलेला नाही. त्या दिवसानंतर जे शिकलो, काही अनुभवातून आणि काही वाचून, विचारून, ते इथे लिहिते आहे.

हा मोसम फसवतो

मुंबईतून मान्सून परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. त्याच्या आगेमागे आभाळ मोकळं होतं आणि आपल्याला वाटतं, आता थंडी येणार. खरं तर उलटं होतं. ढगांची सावली जाते, जमिनीत मुरलेलं पाणी वाफेने वर येतं आणि हवा दमट राहते. हीच आपली ऑक्टोबर हीट. दमट हवेत घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग गार होत नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. त्यात त्यांना तहान लागल्याचं खेळाच्या नादात कळतही नाही.

दुसरी फसवणूक दुपारच्या आभाळाची. परतीचा पाऊस सकाळी चाहूल देत नाही. अकरापर्यंत लख्ख ऊन असतं आणि तीन-चारला विजा. डोंगराची सोंड, उघडा माथा, एकटं उभं झाड, या तिन्ही जागा विजेच्या वेळी वाईट. म्हणून ऑक्टोबरात नियम साधा ठेवा. फजरनंतर झोपायचं नाही, सूर्य वर यायच्या आत चालायला लागायचं आणि दुपारी एक-दोनच्या आत खाली किंवा छपराखाली असायचं.

नोव्हेंबर उजाडला की हवा खरोखर कोरडी आणि गार होते. लहान मुलांसाठी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर हाच सगळ्यात चांगला काळ, असं माझं मत आहे. हिरवळ थोडी कमी मिळेल, सोनकीची पिवळी फुलं आणि तेरडा तोवर सरलेला असेल, पण पोर सुखात असेल. मात्र दिवस लहान होतो. नोव्हेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मगरिबची वेळ झाली की पंधरा-वीस मिनिटांत जंगलातली वाट दिसेनाशी होते. गवतही तोवर वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मुलांच्या मोज्यांत, पायजम्यात घुसतात. ही कुसळं कितीही क्षुल्लक वाटली तरी त्यांच्यामुळे रडारड होऊन माघारी फिरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पूर्ण लांबीची, गुळगुळीत कापडाची पँट घाला. लोकरीचे मोजे नकोत.

किती चालेल, हे आधी मोजा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक हिशेब मांडला, जो जगभर आजही वापरतात. सपाटीवर तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि वर चढायचं असेल तर दर 600 मीटर उंचीमागे आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट मोठ्या माणसाचा. सोबत पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर मी येणाऱ्या वेळेची सरळ तिप्पट धरते. तिप्पट ऐकून घरचे हसतात. पण त्यात दगड उचलून बघणं, बूट काढून खडा झटकणं, दोनदा सूसू, एकदा रुसणं आणि मुंग्यांची रांग बघायला बसणं धरलं तर तिप्पटही कधी कधी कमी पडते.

माझा ढोबळ अंदाज असा. तीन वर्षांचं मूल स्वतःच्या पायाने एक-दीड किलोमीटर चालतं, बाकी कडेवर. पाच वर्षांचं तीन-चार किलोमीटर, थांबत थांबत. सात-आठ वर्षांचं सवय असेल तर सहापर्यंत. प्रत्येक मूल वेगळं असतं, म्हणून आधी दोन आठवडे घराजवळच चालवून बघा. मुंब्रा, कुर्ला, भिवंडीच्या गल्लीत राहणाऱ्या आपल्या मुलांना शाळेची रिक्षा आणि लिफ्ट सोडून चालण्याची सवयच राहिलेली नाही, यात त्यांचा दोष नाही.

अजून एक, दमलेलं मूल शेवटी कुणाच्या तरी पाठुंगळी येणार आहे. पंधरा-अठरा किलोचं ओझं घेऊन उतरताना गुडघ्यांचं काय होतं ते त्या माणसाला विचारा. म्हणून दोन लहान मुलांमागे निदान दोन धट्टीकट्टी मोठी माणसं हवीतच. दादी-नानींना आणायचं असेल तर अवश्य आणा, पण त्यांना मुलं सांभाळायच्या हिशेबात धरू नका.

पहिल्यांदा जाणार असाल तर माथेरान

किल्ल्यांचा मोह मला कळतो. पण लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच डोंगरावर जाणाऱ्या कुटुंबाला मी माथेरानच सुचवते. कारण सरळ आहे. काही ई-रिक्षा आणि रुग्णवाहिका सोडली तर तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे. मुलाचा हात जरा सुटला तरी गाडीखाली येण्याची भीती नाही. साधारण 800 मीटर उंची, दाट झाडी, तांबड्या मातीच्या सावलीतल्या वाटा आणि मोठे चढ जवळपास नाहीत. डोंगराची हवा मिळते, चढ मात्र गाडी किंवा रेल्वे चढून जाते.

या रेल्वेची गोष्ट मुलांना वाटेत सांगण्यासारखी आहे. नेरळहून माथेरानला जाणारी दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ही छोटी गाडी बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. मुंबईच्या दाऊदी बोहरा समाजातले मोठे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय हे त्यांचे वडील, आणि पैसाही त्यांनीच घातला, सुमारे 16 लाख रुपये. 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी धावायला लागली. 26 जुलै 2005 च्या पावसात हा मार्ग वाहून गेला, 2007 मध्ये तो पुन्हा सुरू झाला, म्हणजे बरोबर शंभरीच्या वर्षात. माझ्या मुलीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, "मग त्यांना तिकीट लागायचं का?"

पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते आणि साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात रूळ तपासून पुन्हा सुरू करतात. ती सुरू झाली का हे निघण्याआधी बघून घ्या. नसेल तर कर्जत लोकलने नेरळला उतरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येतं. आम्ही कल्याणला गाडी बदलून जातो. दस्तुरीला प्रवेशकर भरून पुढे अमन लॉज स्टेशन. तिथून माथेरान बाजारपेठेपर्यंतची शटल गाडी पावसाळ्यातही चालते.

आता इथे गंमत आहे. अमन लॉज ते बाजारपेठ हे अडीच-तीन किलोमीटरचं अंतर हाच मुलांसाठी उत्तम पहिला "ट्रेक". जाताना चालत जा, येताना शटलने या. मोठ्या माणसाला पाऊण तास लागतो, आम्हाला पावणेदोन तास लागले. रुळांच्या कडेने चालायचा मोह होतो, पण गाडी वळणावर अचानक येते आणि बाजूला जागा अरुंद असते. मुलं सोबत असतील तर मुख्य रस्त्यानेच जा. या रस्त्यावर घोडे असतात. घोड्याच्या मागून जायचं नाही, हे मुलांना दस्तुरीलाच सांगून ठेवा. घोडा लाथ मारतो तो चिडून नाही, मागे कोण आलं हे न दिसल्यामुळे.

नेरळपासून पायी चढून जायचा विचार मात्र लहान मुलांसोबत करू नका. नेरळ जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. साडेसातशे मीटर चढायचे म्हणजे नेस्मिथच्या हिशेबाने नुसत्या चढाचाच सव्वा तास, अंतराचा वेळ वेगळा. तिप्पट करून बघा.

वर पोहोचल्यावर सगळे पॉइंट पूर्ण करायची यादी हातात घेऊ नका. घोडेवाले आणि गाईड बारा-पंधरा पॉइंटांची नावं सांगतात. तुम्ही दोनच घ्या. खंडाळा पॉइंट बाजारपेठेच्या अगदी जवळ आहे. शार्लोट तलाव आणि त्याच्या आसपासचे इको पॉइंट, लॉर्ड पॉइंट हा दुसरा टप्पा. पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे, लांब आहे, तो मुलं मोठी झाल्यावर.

तलावावर जरा जपून. हे गावाचं पिण्याचं पाणी आहे, त्यात हात-पाय धुणं, पोहणं चालत नाही. पावसाळ्यानंतर काठाच्या दगडांवर शेवाळ असतं आणि पाणी खोल असतं. पॉइंटांवर तर आणखी काळजी. काही ठिकाणी रेलिंग आहे, काही ठिकाणी नाही. चार महिने पाणी मुरलेला जांभा दगड आणि माती कड्यावर सैल झालेली असते. आमच्या घरात नियम आहे, कड्यापासून मोठ्या माणसाच्या पाच पावलांवर थांबायचं आणि मूल नेहमी डोंगराच्या बाजूला, मोठं माणूस दरीच्या बाजूला. फोटो काढणाऱ्याने मुलाचा हात धरलेला नसतो, म्हणून फोटो काढताना दुसऱ्या कुणीतरी तो धरलेला असायला हवा.

पिशवीत काय आणि अंगावर काय

पाणी हा पहिला विषय. अर्ध्या दिवसाला मोठ्याला दोन लिटर, लहानाला निदान एक लिटर. दर वीस मिनिटांनी मुलाला चार-पाच घोट द्या, मागितलं नाही तरी. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. पाकिटं नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचं प्रमाण वाढवू नका. मूल चार-पाच तास लघवीला गेलं नाही, लघवी गडद पिवळी झाली किंवा बडबडं मूल अचानक गप्प झालं, तर तिथेच सावलीत थांबा. अंग ओल्या कापडाने पुसा, पाणी पाजा आणि बरं वाटलं तरी पुढे चढू नका, खाली फिरा. मूल गुंगीत असेल, उलट्या करत असेल किंवा हाकेला नीट ओ देत नसेल तर दवाखाना. आम्ही त्या दिवशी वाडीत थांबून वाट बघितली, ते आमचं नशीब. आज तसं करणार नाही.

खाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे सहल म्हणजे बिर्याणीचं पातेलं, हे समीकरण मोडायला हवं. दमट उन्हात चार तास डब्यात राहिलेलं मटण-चिकन पोट बिघडवतं, शिवाय तो वास माकडांना लांबून कळतो. माथेरानची माकडं हातातली पिशवी सरळ ओढून नेतात आणि मूल घाबरून पळतं, तेही कड्याच्या दिशेने पळू शकतं. खजूर, केळी, चपातीचे रोल, चिक्की, भाजलेले चणे पुरेत. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, हातात काही नको, आणि चालताना खायचं नाही. बिर्याणी घरी येऊन खा, जास्त गोड लागते.

बूट नवे नकोत. महिनाभर वापरलेले, तळाला खाचा असलेले साधे स्पोर्ट्स शूज चालतात. मुलाच्या सॅकमध्ये त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त ओझं नको. वीस किलोच्या मुलाला दोन किलो, म्हणजे त्याची बाटली, खाऊ आणि एक शिट्टी. शिट्टी गळ्यात नाही, सॅकच्या पट्ट्याला. "हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब आणि शिट्टी वाजव," एवढंच शिकवा.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण पुरुष ती लिहीत नाहीत. पायघोळ बुरखा किंवा अबाया पायऱ्या उतरताना पायात येतो, आणि कडेवर मूल असेल तर खाली बघताही येत नाही. घोट्याच्या वर राहील अशी सैल कुर्ती-सलवार किंवा आखूड शिवलेला अबाया, आणि पिनने नीट बसवलेला सुती स्कार्फ, यात पडदाही राहतो आणि पायही मोकळे राहतात. माझ्या नणंदेने तिचा जुना अबाया सहा इंच कापून खास डोंगरासाठी ठेवला आहे.

आणि अत्तर. ईदला लावतो तसं भरपूर अत्तर लावून डोंगरावर जाऊ नका. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. उग्र वास, धूर, आरडाओरड यांनी माश्या चवताळतात, आणि त्या एक-दोन येत नाहीत, सगळं मोहोळ उठतं. मोहोळ दिसलं तर हळू आवाजात मागे फिरायचं. हल्ला झालाच तर हात झाडत उभं राहू नका, मुलाचं डोकं-तोंड ओढणीने झाकून त्याला उचला आणि लांब पळा.

साप दिसण्याची शक्यता पावसानंतर असते, चावण्याची कमी. मुलांनी दगडाखाली, बिळात हात घालू नये आणि उंच गवतातून पुढे मोठ्याने चालावं. चावलाच तर कापणं, चोखणं, दोरीने करकचून बांधणं, मांत्रिक, यातलं काहीही नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता, मुलाला न चालवता सरकारी रुग्णालयात न्या, 108 ला फोन करा.

नमाजचं नियोजन

सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत उतरलं तर जोहर खाली येऊन आरामात पढता येते. वर राहायचं असेल तर वुजूचं पाणी पिण्याच्या पाण्यात धरू नका, त्याची बाटली वेगळी ठेवा. पाणी पिण्यापुरतंच उरलं असेल तर तयम्मुमची मुभा आहे. मुलाच्या वाट्याचं पाणी वुजूला वापरू नये. प्रवासातल्या कसर नमाजचं अंतर आणि नियम मसलकाप्रमाणे वेगळे आहेत, कोकणातली बहुतेक कुटुंबं शाफई आहेत, तेव्हा निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामांना विचारून घ्या. जमात करताना सगळे मोठे एकाच वेळी उभे राहू नका. एकाने मुलांवर लक्ष ठेवायचं, मग पाळी बदलायची. जागा वाटेवरची, रुळांजवळची किंवा कड्याजवळची नको.

शक्य असेल तर शनिवार-रविवार आणि दिवाळीच्या सुट्टीतले गर्दीचे दिवस टाळा. गर्दीत मुलं हरवतात आणि शटलच्या रांगेत दोन तास जातात.

मुलांना वर रमवायला फार काही लागत नाही. आम्ही पक्षी मोजतो. डोक्यावर तुरा आणि गालावर लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल पाच वर्षांचं मूलही एकदा दाखवल्यावर ओळखतं. इथे सलीम अलींचं नाव घ्यावंच लागेल. 12 नोव्हेंबर 1896 चा त्यांचा जन्म, आणि त्यांचा हा वाढदिवस देशभर राष्ट्रीय पक्षी दिन म्हणून पाळतात. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरी कुणाला सांगता येईना. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. मिलर्ड यांनी पोराला हाकललं नाही. कपाटातले भुसा भरलेले पक्षी एकेक काढून दाखवले. भारतातल्या पक्ष्यांचा सगळ्यात मोठा अभ्यासक तिथून घडत गेला. बंदूक नको, एक वही आणि पेन्सिल पुरे.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा माथेरानला गेलो. मुलगी आता आठ वर्षांची आहे, सोबत चार वर्षांचा भाचा होता. शार्लोट तलावाच्या पुढे इको पॉइंटला जायचं ठरलं होतं. वाटेत भाच्याला एका झाडाच्या मुळाशी लाल मुंग्यांचं घर दिसलं आणि तो खाली बसला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. माझे मिस्टर दोनदा घड्याळ बघून "चला" म्हणाले. मुलगी म्हणाली, "अब्बू, खालाने सांगितलंय ना, तो म्हणेल तेव्हा उठायचं." खाला म्हणजे मीच, तिने त्याच्या बाजूने नातं लावलं होतं. आम्ही तिथेच चटई टाकली, खजूर खाल्ले आणि बाराला परत फिरलो. अमन लॉजची शटल मिळाली, तीनच्या लोकलला बसायला जागाही मिळाली. भाच्याने घरी जाऊन त्याच्या नानीला मुंग्यांचंच सांगितलं, तलावाचं एक अक्षर नाही.